डोळा खुर्चीचा

चष्मेवाल्याने नवा चष्मा तिच्या नाकावर चढवला, कानांमागे बोटं फिरवून काड्या नीट बसल्यात का ते चाचपलं आणि म्हणाला, "आता समोर बघा, आजी. काय दिसतं?" समोर अक्षरांचा तक्ता होता; वर मोठी अक्षरं, खाली येत येत मुंगीएवढी. गेली दोन वर्षं तो तक्ता तिला भिंतीवरच्या ओघळासारखा दिसायचा, आणि आज शेवटची ओळसुद्धा सुटी सुटी दिसत होती. पण तिने अक्षरं वाचलीच नाहीत. तक्त्याखाली काचेचं एक बुटकं कपाट होतं आणि त्यात वीतभर उंचीचा बाहुला उभा होता, करवत्या. जांभळं चिलखत, एका हाताच्या जागी करवत, कपाळावर खाच, आणि चेहऱ्यावरचा डावीकडचा डोळा नाकाकडे ओढलेला. दोन वर्षांनी नजर साफ झाली, आणि पहिल्या झटक्याला दिसावं तर हे. चष्मेवाल्याचा गळा धरावा असं तिला वाटलं, आणि त्या बिचाऱ्याने तर तिचं काहीच वाकडं केलेलं नव्हतं.

"दिसला वाटतं आमचा तिरळोबा!" चष्मेवाला खूश झाला. गोल चेहऱ्याचा, पन्नाशीला टेकलेला माणूस, पण कपाटाकडे वळला तसा शाळकरी पोरासारखा दिसायला लागला. "चष्म्याच्या दुकानात तिरळा ठेवलाय म्हणून लोक हसतात मला. पण हा साधासुधा नाही, आजी. पोलादी पथक. लहानपणी आमच्या पिढीला वेड लावलं होतं या खेळण्यांनी. लाखो नग निघाले, पण असा डोळा निघाला फक्त तीन दिवस. आता जगभरात मिळून दीडशेसुद्धा उरले नसतील."

"चूक आहे ती," ती म्हणाली.

"चूक आहे म्हणून तर जपलाय! आणि गंमत ऐका. ज्या बाईने हे डोळे काढले ना, ती सापडलीय. इतकी वर्षं आम्ही संग्राहक मंडळी शोधत होतो. रविवारी सकाळी आमच्या मेळाव्यात येतेय, सत्कार आहे तिचा." त्याने फोन पुढे केला. फोटोतल्या म्हातारीचे केस कापलेले होते, गाल बसले होते, पण हनुवटीवरची खळी तशीच होती. तिने ती बाई ओळखली आणि चष्मेवाल्याच्या बोटांत फोन असतानाच तिला तो फरशीवर आपटावासा वाटला. हिने नाही काढले ते डोळे. शब्द अगदी जिभेवर आले होते. ती म्हणाली, "चष्मा कानाला टोचतोय."

घरी जाताना रस्ता तिच्या अंगावर आला. सगळंच फार स्पष्ट दिसत होतं, नको इतकं. समोरून येणाऱ्या बाईच्या ओठांवरची लव, दुकानांच्या पाट्यांवरचे उडालेले टवके, बसथांब्याच्या बाकावर कोणीतरी खरवडून लिहिलेली शिवी, स्वतःच्या हातावरचे तपकिरी डाग. हे हात एके काळी बाहुले रंगवणाऱ्या अख्ख्या रंगशाळेत नावाजलेले होते. चोवीस वर्षांची असताना ती पोलादी पथकाच्या कारखान्यात लागली तेव्हा तिथे एकच शेड होती आणि एकच बाहुला निघत होता, सेनापती. लांब मेजाला बायका बसायच्या. लाकडी पट्टीवर चोवीस खिळे, प्रत्येक खिळ्यावर एक मुंडकं. डोळ्यांचं पांढरं आधीच फवारलेलं असायचं, त्यात बुबुळाचा काळा ठिपका आणि वर सुईच्या टोकाएवढी चमक एवढंच हाताने काढायचं. पण तेवढ्यावरच सगळा खेळ होता. ठिपका केसभर हलला की सेनापती भेदरलेला दिसायचा, केसभर वर गेला की झोपाळू. कामाची रीत अशी की बायका जोडीने बसत. सात नंबरच्या खुर्चीवरची चोवीस डावे डोळे काढून पट्टी सरकवणार, आठ नंबरची उजवे काढणार. डावा म्हणजे आपल्या डाव्या हाताला येणारा. बाहुल्याचा तो खरा कुठला, ते बाहुल्याला कोण विचारतो. दिवे, हाताचं टेकण, पट्टी अडवायची खुंटी, सगळं त्या त्या डोळ्याच्या हिशेबाने खुर्चीपाशी ठोकून बसवलेलं होतं. "डोळा खुर्चीचा, बाईचा नाही," असं मुकादमबाई उठता बसता बजावायची, म्हणजे कोणीही खुर्ची बदलायची झाली तर आधी तिला सांगायचं, तिने वहीत मांडायचं. आठ नंबरवर ही बसायची, म्हणून हिचं नाव पडलं उजवी. सात नंबरवरची ती डावी. रंगशाळेत खऱ्या नावाने कोणी कोणाला हाक मारत नसे, आणि पुढे पुढे तर घरी कोणी खऱ्या नावाने हाक मारली की उजवीला क्षणभर आपल्याला हाक मारली असं वाटतच नसे.

दोघींनी मिळून एक चेहरा पुरा करायचा. चार वर्षं तसा केला. डावी वयाने दोन वर्षांनी लहान, बोलायला अखंड, हसली की खळीला खळी पडायची. तिचा ब्रश हलका होता, उजवीचा खंबीर. दुपारी दोघी एकाच डब्यातून खायच्या आणि मालकाच्या चालण्याची नक्कल करायच्या. त्याच चार वर्षांत कारखाना वर वर चढत गेला. एका सेनापतीचे आठ वीर झाले, मग त्यांचे शत्रू आले, आणि शत्रू वीरांपेक्षा जास्त खपले. टीव्हीवर दर संध्याकाळी पथकाची मालिका लागायची तेव्हा गल्ल्यांमधून एक पोर दिसायचं नाही. बारा बायकांची रंगशाळा पंचेचाळीस बायकांची झाली. मालक मोठाले केक घेऊन यायचा, खुर्चीवर उभा राहून भाषण ठोकायचा, "देशातलं प्रत्येक पोर तुमच्या हातचे डोळे उशाशी घेऊन झोपतंय!" उजवीला तेव्हा खरंच वाटायचं की शहरभर अंधारात आपले हजारो डोळे टक्क उघडे आहेत. अभिमान वाटायचा, आणि थोडी भीतीही वाटायची. डावीला मात्र असलं काही वाटत नसे. ती म्हणायची, "अगं, आपण ठिपके काढतो, ठिपके." तिचा हा हलकेपणा उजवीला आवडायचा की सलायचा, हे आता सांगणं कठीण होतं, चाळीस वर्षं कोणाचा द्वेष केला की आधीचं प्रेम नीट आठवत नाही.

त्या तीन दिवसांचं सगळं मात्र नीट आठवत होतं. आठ नंबरच्या मागे रंग सुकवायच्या भट्टीचा पंखा होता आणि त्याचा झोत बरोबर मानेवर यायचा. त्या आठवड्यात उजवीच्या मानेत अशी लचक भरली की डोकं वळेना. करवत्या नवा निघाला होता, सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या, मुकादमबाई एका दिवसाचीही रजा देत नव्हती. डावी आपणहून उठली. "ये, बस माझ्या खुर्चीत. तीन दिवस मी घेते तुझ्या पंख्याचं वारं. सांगते मी बाईला." उजवी म्हणाली, "नको सांगूस, उगाच नाटकं करेल." एवढंच झालं. उजवी सातवर बसली आणि डावे डोळे काढायला लागली. पहिल्या पट्टीलाच हाताला कळलं होतं की काहीतरी बिनसलंय. चार वर्षं उजव्या डोळ्याला सरावलेला हात डाव्या डोळ्यात शिरताना जराशी ओढ घेत होता, नाकाकडे. तिला दिसत होतं. पण पट्ट्या येतच होत्या, मान ठणकत होती, आणि शेवटी हा करवत्या, बदमाश, त्याने सरळ बघितलं काय आणि तिरकं बघितलं काय. दुसऱ्या दिवशी तिने थांबायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी तर थांबायलाच हवं होतं. ती थांबली नाही, कारण थांबायचं म्हणजे पहिल्या दिवसाचं कबूल करायचं.

दोन महिन्यांनी दुकानदारांकडून खोकी परत आली. कोणीतरी मालकाला चिठ्ठी लिहिली होती की आमचा मुलगा हे ध्यान पाहून रडतो, आणि दुसऱ्याने लिहिलं होतं, हसतो. मालक स्वतः रंगशाळेत आला. मुकादमबाईने वही उघडली, तारखा पाहिल्या, बोट सातवर ठेवलं आणि डावीला उभं केलं. डावी म्हणाली, "त्या तीन दिवसांत मी सातवर नव्हते, बाई. आम्ही खुर्च्या बदलल्या होत्या. विचारा हिला." पंचेचाळीस बायकांचे ब्रश थांबले. मुकादमबाईने विचारलं, "खरं आहे?" उजवी ब्रश धूत होती. वाटीतल्या पाण्यात ब्रश हलवत, ब्रशाकडेच बघत ती म्हणाली, "आम्ही आपापल्याच जागेवर होतो." पुढे डावी काय म्हणाली, ओरडली का, रडली का, ते तिला आठवत नव्हतं. वाटीतलं पाणी काळं होत गेलेलं आठवत होतं. घरी नवरा आजारी, मुलगा दोन वर्षांचा, नोकरी गेली असती तर काय केलं असतं, ही सगळी कारणं तिने नंतर जमवली. त्या क्षणी एकही कारण मनात नव्हतं. त्या क्षणी फक्त असं वाटलं होतं की डावी आपल्या उपकाराचं ओझं सगळ्यांसमोर आपल्या डोक्यावर देतेय, आणि ते आपण घेणार नाही.

डावी गेली आणि तिच्या जागी दुसरी आली. उजवी पुढे मुकादमबाईच्या हाताखाली गेली, मग स्वतःच मुकादम झाली आणि तीच वही तिच्या हातात आली. त्या तारखांचं पान तिने कधी उघडलं नाही. डावी कुठल्याशा लाँड्रीत इस्त्रीला बसते असं कळलं तेव्हापासून उजवीने ती अख्खी गल्लीच टाकली. बाजारात जायला दहा मिनिटं जास्त लागायची, ती लागू दिली. आणि कारखाना उतरणीला लागला. आठाचे साठ झाले, वीर मूठभर आणि बदमाश ढीगभर, पोरांनाच नावं पाठ होईनात. मग गाड्या काढल्या, विमानं काढली, एक किल्ला काढला तो तर दोन माणसांशिवाय उचलायचा नाही. कंबरेतलं रबर स्वस्तातलं आणलं, ते वर्षभरात कुजायचं आणि सेनापतीचे कंबरेपासून दोन तुकडे व्हायचे. मालिका बंद पडली. पोरं पडद्यावरच्या खेळांना लागली, आणि बाहुला हातात धरून स्वतःच त्याचा आवाज काढायचा, हे त्यांना बावळटपणाचं वाटायला लागलं. शेवटच्या दोन वर्षांत डोळेसुद्धा हाताने काढायचे राहिले नाहीत. छापील डोळ्यांच्या चिकटपट्ट्या आल्या. रंगशाळेत सहा बायका उरल्या, चिमट्याने डोळे उचलून चिकटवणाऱ्या, आणि त्यांच्यावर उजवी मुकादम. ते डोळे सगळे सरळ होते, सगळे सारखे, आणि एकालाही नजर नव्हती. शेवटच्या दिवशी मालकाने पुन्हा खुर्चीवर उभं राहून भाषण केलं. रबराचं नाव काढलं नाही, किल्ल्याचं काढलं नाही. म्हणाला, "आपली घसरण त्या तिरळ्या डोळ्यांपासून सुरू झाली. एका बाईच्या निष्काळजीपणाने एवढं मोठं नाव मातीत घातलं." बायका डावीच्या नावाने बोटं मोडायला लागल्या. उजवीनेही मोडली. सगळ्यांत मोठ्याने मोडली. भंगारवाल्याने साचे ट्रकात भरले तेव्हा ती फाटकापाशी उभी राहून म्हणाली होती, "बाई नव्हती ती, पनवती होती." ते म्हणताना जीव कसा हलका झाला होता.

आणि आता त्या पनवतीचा सत्कार.

रविवारपर्यंतचे चार दिवस तिने घरात सगळ्यांना भंडावून सोडलं. चहा पांचट झालाय, नळ गळतोय, नातीचे केस डोळ्यांवर येतात ते कापा. सुनेला कुठूनतरी मेळाव्याची बातमी कळली. तिने फोन आणून दाखवला. सून बँकेत होती, नीटनेटकी, आवाज न चढवणारी, आणि याच कारणाने सासूला अवघड वाटणारी. "आई, हा तुमचाच कारखाना ना? या बाईंना ओळखत होतात?"

"शेजारी बसायची. कामचुकार होती."

"इथं किती छान लिहिलंय त्यांच्याबद्दल. ‘ज्या हाताने चूक केली त्याच हाताने इतिहास घडवला.’"

"इतिहास घडवला! चोवीस मुंडक्यांची पट्टी होती ती. इतिहास!"

सुनेने फोन खाली ठेवला. "मग जाऊ या ना रविवारी. भेट होईल तुमची. एवढ्या वर्षांनी बरं वाटेल त्यांना."

बरं वाटेल. उजवी खिडकीपाशी जाऊन बसली. तिला स्वतःचीच गंमत वाटत होती, कडू गंमत. चूक कोणाची हे विचारलं तेव्हा ती आपली नव्हती. आता त्याच चुकीवर हार पडणार तर ती आपली पाहिजे. असं मागणाऱ्या बाईला काय म्हणतात ते तिला माहीत होतं, आणि दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तिने तोंडावर म्हटलंही असतं. पण त्याने आतली आग कमी होत नव्हती. आयुष्यात तिने अडीचेक लाख डोळे काढले असतील, सगळे सरळ, सगळे बरोबर, आणि ते सगळे उकिरड्यावर गेले. उरले ते हे दीडशे. तिच्या हातचं जगात जे काही उरलंय ते तेवढंच, आणि त्याच्याखाली नाव त्या डावीचं लागणार. नोकरी गेली म्हणून काय झालं, नोकरी तर पुढे सगळ्यांचीच गेली. हा विचार किती हलकट आहे हे तिला कळत होतं. कळूनही तो तिने हाकलला नाही, उलट मांडी घालून त्याच्याशेजारी बसली.

मेळावा एका हॉटेलच्या तळमजल्यावरच्या दालनात होता. टक्कल पडलेले, पोटं सुटलेले बाप्ये डब्यातले बाहुले उराशी धरून फिरत होते आणि एकमेकांना बाजूला घेऊन कुजबुजत होते. मेजांवर काचेखाली सेनापती, पाणबुड्या, घुबड, तुटक्या पंखांची विमानं. किल्लासुद्धा होता. उजवीला एकेक चेहरा ओळखू येत होता. याचा उजवा डोळा माझा, याचा माझा नाही, हा चिकटपट्टीच्या काळातला. कोणाला तरी हे सांगावं असं वाटलं, पण ऐकायला सून होती आणि सून एका गाडीच्या चाकांचं कौतुक करत होती. पुढे छोट्या मंचावर डावी बसली होती. साधी साडी, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले. चष्मेवाल्याने तिच्यापुढे माईक धरला होता.

"मग सांगा ना, हे तिरळे डोळे झाले कसे?"

"मुद्दाम काढले," डावी म्हणाली. आवाज खरखरीत झाला होता, पण बोलण्यातला हलकेपणा तसाच होता. "सगळ्या खलनायकांना आम्ही सरळ, रागीट डोळे द्यायचो. मला वाटलं, याला जरा भित्रा करू. वाईट माणूससुद्धा मनातून घाबरलेला असतो की. मग मी तीन दिवस असे काढले. नोकरी गेली माझी त्यापायी, पण करवत्याला जीव आला."

टाळ्या कडाडल्या. मागच्या रांगेतल्या एका दांडग्या माणसाने डोळे पुसले. उजवीने टाळी वाजवली नाही. खोटं! धडधडीत खोटं, आणि वर किती सुरेख. मान आखडली होती म्हणून झालेल्या गोष्टीला हिने जीव दिला, भीती दिली, सगळं दिलं. तिरळ्या करवत्याकडे यापुढे तिलाही नुसतं चूक म्हणून बघता येणार नव्हतं, आणि हे सगळ्यांत जास्त झोंबलं.

सह्या घ्यायला रांग लागली. डावीसमोर मेज, मेजावर पाण्याची वाटी, रंग, ब्रश आणि कोऱ्या डोळ्यांची चार मुंडकी मांडलेली. कुणी हौशीने नवी ओतून आणली होती. उजवी रांगेत उभी राहिली. सून म्हणाली, "बघा, किती उत्साह आलाय तुम्हाला." पाळी आली तेव्हा डावीने मान वर केली आणि बराच वेळ बघत राहिली.

"ओळखलंस?" उजवी म्हणाली.

"हातांवरून. चेहरा काही तुझा राहिला नाही." डावीने शेजारची खुर्ची सरकवली. "बस. मान बरी आहे?"

उजवी बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मुद्दाम काढले म्हणे. लाज नाही वाटत खोटं बोलायला?"

"नाही वाटत. तुला वाटली होती?"

"ते डोळे माझे आहेत."

"तुझेच आहेत. मला नाही माहीत? मीच उठले होते खुर्चीवरून." डावीचा आवाज जराही चढला नाही. "सतरा वर्षं इस्त्री केली मी. तू गल्लीच्या तोंडाशी यायचीस आणि वळून जायचीस. काचेतून दिसायचं मला."

"मग सांग ना यांना खरं."

"मी एकदा सांगितलंय खरं. पंचेचाळीस जणींसमोर. एकीनेही ऐकलं नाही. आता खोटं सांगते तर बघ, टाळ्या पडतात." तिने पुढच्या माणसाच्या खोक्यावर सही केली. "तू सांग. बघू तुझं ऐकतात का."

उजवी उभी राहिली. "हे डोळे मी काढलेत!" आवाज तिला वाटला त्यापेक्षा फारच मोठा निघाला. "ही खोटं बोलतेय. त्या तीन दिवसांत मी सात नंबरवर बसले होते. आम्ही खुर्च्या बदलल्या होत्या. चौकशी झाली तेव्हा मी नाही म्हणून सांगितलं आणि हिची नोकरी घालवली. विचारा हिला. हे डोळे माझे आहेत." चाळीस वर्षं जे नवऱ्याला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही, ते तिने एका दमात सगळ्यांसमोर टाकलं. त्यात पश्चात्ताप नावालाही नव्हता. तिला फक्त डोळा परत हवा होता.

"आई!" सून म्हणाली.

"ही पाचवी," मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. चष्मेवाला ओशाळून पुढे आला. "आजी, तुम्ही पण होतात तिथं? दुकानात बोलला नाहीत ते! राग मानू नका, पण बातमी छापून आल्यापासून चार जणींनी फोन केलेत, मीच ती म्हणून."

"काढून दाखवू दे तिला," डावी म्हणाली, आणि तिने ब्रश पुढे केला.

उजवीने ब्रश घेतला. दांडी बोटांत बसताच हात स्थिर झाला. आजूबाजूचे श्वास, सुनेचा लाल झालेला चेहरा, सगळं लांब गेलं. तिने मुंडकं उचललं, डावा डोळा समोर धरला, काळा रंग घेतला. हात जाईल तिकडे जाऊ द्यायचा. तो ओढ घेईलच, नाकाकडे, तेव्हासारखी. नव्या काचांतून पांढऱ्यावरचा कण न् कण दिसत होता. ठिपका बसला. बरोबर मधोमध, एका केसाचाही फरक नाही. इतका देखणा डोळा तिने उमेदीच्या काळातही काढला नव्हता.

"वा, आजी!" चष्मेवाल्याने टाळी वाजवली. "माझ्या चष्म्याची कमाल म्हणायची!"

"थांबा," ती म्हणाली. दुसरं मुंडकं घेतलं. या वेळी तिने हात ढकलला, नाकाकडे, जाणूनबुजून. ठिपका फरफटत कोपऱ्यात गेला आणि पापणीबाहेर सांडला. चष्मेवाल्याने खिशातून भिंग काढलं, आपल्या करवत्याशेजारी ते मुंडकं धरलं आणि दोन्हींकडे खरोखरच मन लावून पाहिलं. एवढं मन लावून तिच्या कामाकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"नाही, आजी," तो हळूच म्हणाला. "हे ओढूनताणून झालंय. मूळच्यात कशी एक सहजता आहे."

तिने डावीकडे पाहिलं. आता डावीने एक शब्द बोलायचा होता, फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. आणि उजवीला वाटलं की ती म्हणेल; खुर्चीवरून आपणहून उठलेली बाई आहे ती, ती म्हणेलच. चष्मेवाल्यालाही तसंच काही वाटलं असावं. तो डावीपाशी वाकला. "तुम्हीच सांगा, मावशी, म्हणजे विषय मिटेल. खुर्च्या बदलल्या होत्या का तुम्ही?"

डावीने उजवीच्या हातातून ब्रश काढून घेतला आणि वाटीतल्या पाण्यात बुडवला. पाण्यात काळा रंग पसरत गेला. तिने ब्रश एकदा हलवला, दोनदा हलवला. नजर ब्रशावरच होती.

"आम्ही आपापल्याच जागेवर होतो," ती म्हणाली.

सुनेने उजवीचा दंड धरला. रांगेतल्या पुढच्या माणसाने आपलं खोकं मेजावर ठेवलं आणि सही कुठे हवी ते बोटाने दाखवलं.